खो-खोच्या फोटोखालची नावं

५ जानेवारी, सोमवार
मु.अ. मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. शाळेची पंच्याहत्तरी, स्मरणिका, त्यात 'शाळेतील शारीरिक शिक्षणाचा इतिहास', चार पानं. "सर, तुम्ही मेअखेर रिटायर होताय, तुमच्याकडे वेळ आहे." वेळ आहे खरा. नववीचे पी.टी.चे तास गणिताला गेले, दहावीचे दिवाळीपासूनच. अर्ध्या मैदानावर संगणक कक्ष, उरलेल्यावर सायकली. इतिहास काय सायकल स्टँडचा लिहू?
हो म्हणालो. नाही म्हणायलाही आता दम लागतो.

७ जाने., बुध.
क्रीडासाहित्याचं कपाट उघडलं. उंदरांनी लेझमांच्या मुठी खाल्ल्यात. खाली मुलींच्या खो-खो संघाचा फोटो मिळाला. राज्य स्पर्धा, धुळे, दुसरा नंबर. बारा पोरी, ओढण्या कमरेला बांधलेल्या. मॅडमना फारच आवडला. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाईलवर काढून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. खाली नावांची पट्टी, माझ्याच अक्षरात.
डावीकडून चौथी, 'ज्योती'. ती ज्योती नाही. ती कमल आहे.
आज पाठ जास्तच दुखते आहे.

८ जाने., गुरु.
निदान इथे तरी नीट लिहावं. कमल दहावीत एकदा नापास झालेली, त्यामुळे वयोगटाच्या मर्यादेपेक्षा चार महिन्यांनी मोठी भरली. संघात तिच्यासारखी पळणारी दुसरी नव्हती. ज्योतीचं नाव यादीत होतं, पण ऐन वेळी ती टायफॉइडने पडली. मी कमलला ज्योतीच्या नावावर खेळवलं. तेव्हा याला 'नावावर खेळवणं' म्हणायचे आणि बहुतेक सगळेच सर करायचे. पंचांनाही माहीत असायचं. सेमीफायनलला कमल एकटी साडेतीन मिनिटं पळाली. समोरच्या संघाचे सरसुद्धा टाळ्या वाजवायला लागले.
सर्टिफिकेट ज्योतीच्या नावाचं आलं. ते मी ज्योतीच्या घरी नेऊन दिलं. कमलला काय दिलं, आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

१० जाने., शनि.
फैजपूरला नानांकडे. माझ्या आधीचे ड्रिल मास्तर, वय पंच्याऐंशी. हल्ली खुर्चीत बसूनच सूर्यनमस्कारातले हात तेवढे करतात. लेखाचा मालमसाला त्यांच्याकडेच. सुरुवातीला नुसती कवायत, तपासणी आली की काठ्यांना रंग. मग लेझीम. मग मल्लखांब, सागाचा, यावलच्या बाजूने बैलगाडीतून आणलेला. पुढे तोच कापून कॅन्टीनच्या छपराला लावला. मुलींना त्या तासाला शिवणकाम. मुलींचा पहिला संघ मी केला, हे नाना दोनदा म्हणाले. बरं वाटलं. मग कमलचं सांगितलं.
"त्यात काय एवढं? तुला शिकवलं कोणी? मीच ना," म्हणाले. "खरं लिहायला बसलास तर सगळ्या फोटोंखालची नावं खोडावी लागतील."
हसलो दोघंही. बसमध्ये मात्र हसू आलं नाही.

१२ जाने., सोम.
धुळ्याहून ज्योतीचा फोन. खेळाडू कोट्यातून नोकरीला लागली, आता हेड क्लार्क आहे. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, 'यात ज्योती कुठे आहे?'
"सर, तो फोटो तेवढा काढून टाका ना. ऑफिसात कुणाच्या नजरेला पडला तर?"
बघतो म्हणालो. तेवढ्यावर तिचं समाधान होईना.
"माझी काय चूक सर? मी तापात पडले होते. सर्टिफिकेट तुम्ही घरी आणून दिलंत. नोकरीच्या वेळी मी विचारलं होतं तुम्हाला, अर्जाला लावू का म्हणून. तुम्ही लाव म्हणालात."
हे मी साफ विसरलो होतो. म्हणालो होतो खरं.

१३ जाने., मंगळ.
आणि आज कमलचा. एरंडोलजवळच्या गावात दिली आहे. आवाज तसाच, घाईचा.
"सर, फोटोखाले मना नाव शे का?"
ग्रुपवरच्या फोटोचं कुणाकडून तरी ऐकलं होतं. तीच बोलत राहिली. पोरगी शाळेच्या खो-खो संघात निवडली गेली, स्पर्धा बाहेरगावी, घरातले सोडत नाहीत. "म्हनतस, आपला घरमा कोन खेळेल शे? मी खेळेल शे सर. तुमले तं माहीत शे. सांगं तं माले हासतस बठ्ठा."
सांगितलं की घरात सगळे हसतात; तिला फक्त एक छापील नाव हवंय, दाखवायला. ते दिलं तर ज्योतीची नोकरी जाते. आणि माझं काय होईल? खोटं खेळवलं मीच, रिटायर व्हायला पाच महिने उरले असताना तेही चव्हाट्यावर. भीती वाटते, लिहून ठेवतो.

१५ जाने., गुरु.
लेख झाला. साडेतीन पानं. कवायत आहे, मल्लखांब आहे, 'मुलींनी राज्यात दुसरा क्रमांक पटकावला' आहे. नावं नाहीत. मॅडम म्हणाल्या, "छान. पण फोटो मोठा घेऊ, पूर्ण पान. नावांसकट हं सर."
फोटो गाळू म्हटलं, तर ऐकेनात.

१७ जाने., शनि.
कमल न सांगता आली, पोरीला घेऊन. जाड झाली आहे, केस पिकले आहेत. पोरगी उंच, काटक, अजिबात बोलत नाही. फोटो दाखवला. पोरीने बोट ठेवत पट्टी वाचली.
"इथं तर ज्योती लिहिलंय."
कमल माझ्याकडे बघत राहिली. मी सांगायला हवं होतं. म्हणालो काय, तर "छापताना बघू." स्वतःचीच शिसारी आली. कमलने फोटो परत दिला, "येते सर" म्हणाली, निघाली.
दोघी सायकली चुकवत फाटकापर्यंत गेल्या, तेव्हा दिसलं, पिशवी बाकावरच राहिली. उठवेना, म्हणून जागेवरून जोरात हाक मारली. तोंडातून आलं, "ज्योती!"
कमल पहिल्या हाकेला गर्रकन वळली. धुळ्याला ते दोन दिवस मैदानावर मी तिला याच नावाने हाका मारल्या होत्या.
पोरगी आधी आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. पिशवी न्यायला तीच आली, हातातून घेतली आणि विचारलं, "सर, माय किती वेळ पळायची?"
साडेतीन मिनिटं, म्हणालो.
नावांचा कागद सोमवारी प्रेसला द्यायचा आहे. डावीकडून चौथी जागा सोडून अकरा नावं लिहून झाली.