बारावी फ्रेट

रविवार, १२ जानेवारी. मुलुंड.

पाच बेस गिटार. फणसाच्या बॉड्या मी कापल्या, शिसवाच्या माना मी तासल्या, पिकअपच्या तारा मी गुंडाळल्या. कुणाकडे शिकलो नाही, हे येईल त्याला ऐकवलं.

आज सकाळी मानेवर आडव्या बसणाऱ्या धातूच्या फ्रेटची अंतरं दाखवणाऱ्या कागदावर सहज नवी स्टीलची पट्टी ठेवली. झेरॉक्सवाल्याने तो पानात बसवायला किंचित लहान काढला होता! अर्धा मिलिमीटर सोडत नाही म्हणून मिरवणारा मी, न मोजता पाचही माना त्यावरून आखल्या. म्हणून वर जाता जाता चूक वाढत बाराव्या फ्रेटवर सूर चुकायचा. आणि मी तारांना दोष द्यायचो.

संध्याकाळी बोरिवलीहून एक वादक आला. खालचेच सूर वाजवून खूश झाला.

"काका, झकास! ही मला द्याच."

"विकायला नाही केल्यात," मी म्हणालो.

बायको चहा ठेवत त्याला म्हणाली, "एकवेळ मला विकतील हो, ह्या नाही विकणार."

तो हसला. मीही हसलो. त्याचं बोट बाराव्या फ्रेटपर्यंत गेलं असतं तर? खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, तेही निघालं नाही. उलट जाताना तो माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं.

एका गिटारचे साठ हजार देत होता. मी नाही म्हणालो.