तुंबलेलं पाणी आणि माझा अनुभव

सावली, ४ सप्टेंबर १९५२
लघवी अडकते. बराच वेळ बसावं तेव्हा चार थेंब. बायको इंदिरा म्हणते, चांद्याच्या डॉक्टरकडे चला. तो नळी घालतो. मालगुजाराला नळी? मेलो तरी घालून घेणार नाही. सरकारने मालगुजारीबरोबर तलाव नेले, पण पाणी कसं वागतं हे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या आम्हा कोहळ्यांना कोणी शिकवायचं? अडलेलं पाणी वाढू द्यावं, वजनानेच वाट काढतं. आजपासून भरपूर पाणी पिणार. प्लॅन सोपा आहे.

९ सप्टेंबर
तांब्यावर तांबे रिचवतोय. ओटीपोट टणक, म्हणजे प्रेशर वाढतंय. गडी लटारू सांगत होता, त्याच्या बापालाही हेच झालं होतं. आठवडाभर नळी ठेवली, आता नांगर धरतो. म्हटलं, तुझ्या बापाला लाज नव्हती. लटारू बैलांना पाणी दाखवायला गेला. मला बरं वाटलं.

१३ सप्टेंबर
कळा. धोतर बांधवत नाही. इंदिरा म्हणाली, "काऊन जिवावर उठले जी? मोटारीत बसा ना." बायकांना प्रेशर कळत नाही. रडायचं तर स्वयंपाकघरात रड म्हणालो.

१८ सप्टेंबर, सकाळी
जिंकलो. आपोआप वाहू लागलं. थेंब थेंब, सतत, झोपेतसुद्धा. तलाव भरला की जादा पाणी सलंगीच्या सांडव्यावरून आपलं आपण जातं, तसंच. इंदिरेला बोलावून ओलं धोतर दाखवलं. ती ते धुवायला घेऊन गेली. लटारूला सांगितलं, तुझ्या बापाला उगाच नळी लावली.

२४ सप्टेंबर
पोट अजून उतरलं नाही. उतरेल. चावडीवर मी बसलो की लोक उठून लांब बसतात. मालगुजारी गेली तरी मान आहे.

३० सप्टेंबर, चांदा
शुद्ध गेली होती म्हणे. इंदिरा आणि लटारूने मला न विचारता मोटारीत घातलं. इस्पितळात नळी. डॉक्टर थोडं थोडं सोडत होता, एकदम रिकामं केलं तर रक्त येतं म्हणाला. तरीही लाल आलं.

२ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणतो, ते मोकळं होणं नव्हतं. लघवीची पिशवी काठोकाठ भरलेलीच होती, वरचं तेवढं गळत होतं. ती इतकी ताणली की तिच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या चेपल्या. रक्त पोचलं नाही, मांस मेलं. आता ती आवळणार नाही. महिनाभर आधी आला असतात तर नळी चार दिवसांची होती, आता जन्माची. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ. तो पुढच्या खाटेकडे गेला.

२६ ऑक्टोबर, सावली, दुपारी
नळीला बूच आहे. माझे हात थरथरतात म्हणून ते इंदिरा काढते. मी तिला वेळा ठरवून दिल्या आहेत. दुपारची टळली. हाक मारली. ती अंगणात शेजारच्या कलाबाईशी बोलत होती. ओरडलो. तिथूनच म्हणाली, "थांबा जी, भाजी निवडून राह्यली." ओसरीवर लटारू होता. हसला नाही, खोकला असावा. पोट टणक होत चाललंय. थांबलो आहे.