नंतर जोडता येईल

५ ऑगस्ट १९९६, सोमवार
पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या मल्लाप्पांच्या नट-बोल्टच्या कारखान्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं. तीनच कमांड हव्यात: माल आला, माल गेला, प्रिंट. शेजारच्या टेबलावरची रूपश्री म्हणाली, 'हे असेल तर ते कर' अशा तीन अटी लिहू, आठवड्यात संपेल. मला हसू आलं. मी प्रत्येक कमांडचा वेगळा क्लास, म्हणजे कोडचा स्वतंत्र तुकडा, करणार. मुख्य प्रोग्रॅमला कोण काय करतं ते कळायची गरजच नाही. उद्या विसावी कमांड आली तरी खटकन जोडायची, जुन्या कोडला हात नाही. दोन आठवडे पुष्कळ.

९ ऑगस्ट, शुक्रवार
आई म्हणाली, आज शारदाबाईंकडे, म्हणजे रूपश्रीच्या आईकडे, हळदीकुंकवाला जाते आणि लग्नाचा विषय काढते. इथल्या आपल्या मराठी लोकांत मुलाच्या आईनं शुक्रवारी जाऊन बोलायचं, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. रूपश्रीची ना नाही, हे आईनं काढून घेतलंय. मी म्हटलं, थांब. आधी सगळ्या कमांडचा मूळ क्लास पक्का होऊ दे. रूपश्री कुठे पळून जातेय?

२१ ऑगस्ट, बुधवार
मूळ क्लास तिसऱ्यांदा बदलला. आता त्यात अनडूसुद्धा, म्हणजे केलेलं मागे घ्यायची सोय. मल्लाप्पांनी मागितलेलं नाही, पण मागतील. बसमध्ये रूपश्रीनं विचारलं, आई कुठल्या शुक्रवारी येणार. मी तिला अनडू समजावून सांगितलं. शिवाजीनगर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. विचार करत असावी.

३० ऑगस्ट, शुक्रवार
आई नारळ घेऊन तयार. परत बसवलं. डेमो झाल्यावर ऐटीत जाऊ. मला कुणी समजूनच घेत नाही. उद्यापासून पाचला उठणार.

३१ ऑगस्ट
साडेआठ.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
डेमो. कुठलीही कमांड कशी जोडता येते, हे मल्लाप्पांना अर्धा तास सांगितलं. ते म्हणाले, "सरी, अण्णा, ठीक. आता माल आला ते दाखवा."
ती जोडलेली नव्हती. एकही नव्हती.
रूपश्रीनं पर्समधून फ्लॉपी काढली. तिच्या त्या तीन अटी. सगळं चाललं, प्रिंटसुद्धा. परतताना ती हळूच म्हणाली, "यशू, आमच्याकडं एक स्थळ आलंय. आता तरी आईंना पाठव की." येत्या शुक्रवारी नक्की, म्हटलं. कोड मात्र तिचा फारच कच्चा आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार
तिन्ही कमांड जोडल्या. खटकन! जुन्या कोडला हात नाही. कारखान्यात रूपश्रीचाच प्रोग्रॅम चालू आहे, पण ते तात्पुरतं. ह्या नादात घरी पोचायला उशीर झाला. आई पुढच्या शुक्रवारी जाईल.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
आई गेली आणि लगेच परत आली. नारळ पिशवीतच.
रूपश्रीचा बुधवारी साखरपुडा झाला. पितृपक्ष लागायच्या आत उरकला. सोमवारपासून ती रजेवर होती. मला वाटलं, ताप असेल.
शारदाबाई आईला म्हणाल्या, "राजलक्ष्मीअक्का, सात शुक्रवार पोर लवकर घरी येऊन दारात रांगोळी काढत होती. किती दिवस काढायला सांगू तिला?"
ती शुक्रवारी लवकर निघते, हे मला कधी दिसलंच नाही.
आईनं नारळ देवापुढे ठेवला. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. मी खूप रडलो.
रूपश्री मला फार आवडते. हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. ह्या वहीतसुद्धा आजच लिहितोय.