कबरस्तानाचा नंबर शेवटचा

३ मार्च, सोमवार

आज तालुक्याला आमच्या प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटन! फीत कापायला तीन देशांचे साहेब, कात्री एक. आधी कोण कापणार यावर हसत हसत भांडण. मग भाषणं — भागीदारी, तंत्रज्ञान, कौशल्य, उभारणी, उज्ज्वल भविष्य. तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. तळघरात सगळ्यांत आधी साहेब लोक! भविष्य वर आमच्याजवळ ठेवून.

आम्हा बायकांना प्रत्येकी एक पिशवी, एक बाटली, एक लॅपटॉप. पिशवी आमची, लॅपटॉप परत करायचा. ड्रोनने वरून काढलेले फोटो बघायचे आणि जमिनीत सुरुंग कुठे असेल ते हुडकायचं. जन्मभर टपालाचे शिक्के मारले. आता टपाल कचेरीच राहिली नाही, तर हे.

६ मार्च

सुरुंग संगणक स्वतःच ओळखतो म्हणे. आपण फक्त बरोबर की चूक ते सांगायचं. आज त्या शहाण्याने काय काय शोधलं — दोन उपड्या कढया, एक फुटका डबा, आणि बाकी सगळं गाईचं शेण!

"तो शिकतोय," योर्गन म्हणाला. हा आमचा डेन्मार्कचा मास्तर, दुभाषी पोरीच्या तोंडून बोलतो. "चुकू दे त्याला. चुकूनच शिकेल."

वा रे वा! आमच्या गावातला ट्रॅक्टरवाला स्तेपान असाच चुकून शिकायला गेला. एक पाय शेतातच राहिला.

९ मार्च, रविवार

सासूबाईंनी परत सुरू केलं. "यंदा प्रोवोदीला मी जाणार. काय वाट्टेल ते होवो."

ईस्टरनंतरच्या रविवारी सगळं गाव कबरस्तानात जेवायला जातं. पास्का म्हणजे सणाचा गोड पाव, रंगवलेली अंडी, मेलेल्याच्या नावाने एक घोट. पण रशियन जाताना कबरस्तानभर सुरुंग पेरून गेले, त्याला आता किती तरी महिने झाले. फाटकावर कवटीची पाटी. तरी बाईंचा हट्ट! "माझा लेक, माझा पेत्रो तिथे एकटा पडलाय. त्याच्यापाशी कोणी भाकरीचा तुकडा ठेवला नाही."

मी म्हटलं, "आई, तुम्ही गेलात तर तुम्हालाही तिथेच ठेवावं लागेल. तेही तुकड्यांनी."

"जीभ आहे की सुरी गं तुझी, लारिसा!"

असेल. नवरा लढाईच्या आदल्या हिवाळ्यात गेला, तेव्हापासून हे घर या सुरीवरच चाललंय. त्याचं नाव काढलं की माझी कामं होत नाहीत. म्हणून मीच सांगून ठेवलंय, घरात नाव काढायचं नाही. माझी लेक उल्याना ऐकते. म्हणजे ती काहीच बोलत नाही. दहावीतली पोर, शाळा पडली, तेव्हापासून शाळाही मोबाइलवर. दिवसभर मी तालुक्याला. ही घरात काय शिकते देव जाणे.

१४ मार्च

वीज नाही. योर्गनने फळ्यावर सुरुंग काढून दाखवला. अंड्यासारखा दिसत होता.

१८ मार्च

आज मी तोंड उघडलं. कबरस्तान कधी साफ करणार? योर्गनने पडद्यावर रंगीत नकाशा लावला. आधी गव्हाची शेतं, मग विजेच्या तारा, मग कालवा, मग शाळा. कबरस्तान सगळ्यांत खाली. तिथे माणसांची ये-जा नाही, म्हणून धोका कमी!

अरे बाबा, ये-जा नाही कारण सुरुंग आहेत! हे दुभाषी पोरीने त्याला कसं सांगितलं कोण जाणे, त्याने मान डोलावली आणि "फार चांगला प्रश्न" म्हणाला. डोंबलाचा चांगला प्रश्न.

२७ मार्च



आज सरावाला आमच्याच गावाचे फोटो आले. गेल्या आठवड्यातले. कबरस्तान वरून ओळखूच येत नाही. खंदक, खड्डे, आडवे क्रूस, माणसाएवढं गवत. आणि त्या गवतातून एक पाऊलवाट! कालव्याच्या बाजूने आत शिरलेली. चांगली मळलेली, एकदा-दोनदा गेल्याने तशी पडत नाही. मी पडद्यावर बोट ठेवून वाटेमागोमाग पुढे गेले. जिथे संपली तिथे एकच कबर स्वच्छ. गवत उपटलेलं, क्रूस सरळ उभा. शेजारी एक बुटकं स्टूल.

पेत्रोची.

म्हातारी जात होती! गुडघे दुखतात म्हणून विहिरीवर मला पाठवते आणि सुरुंगांतून फिरायला जाते! बारा गावचं पाणी प्यायलेली बाई!

तोच दिवस, घरी आल्यावर

लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात आपटला. "हे काय आहे? सांगा आता!"

चष्मा लावून किती तरी वेळ बघत बसल्या. उल्याना बटाटे सोलत होती, ती सगळं तसंच टाकून बाहेर गेली. या पोरीला घरातल्या कशाचंच काही नाही! सासूबाईंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," म्हणाल्या. "मीच जाते."

"लाज नाही वाटत? या वयात?"

"नाही वाटत."

बाई, बाई, बाई! मी त्यांचे बूट कपाटात घालून कुलूप लावलं. आता फिरा चपलांवर.

३१ मार्च

न सांगावं तर उद्या कोणी तरी मरेल. सांगितलं तर गावभर तमाशा. सांगितलं. योर्गन कधी नव्हे तो गंभीर झाला. जिथे माणसं खरंच चालतात ती जागा वर सरकते, असा त्यांच्या संगणकाचा नियमच आहे म्हणे. दुपारपर्यंत कबरस्तान खालून थेट दुसऱ्या नंबरवर!

म्हणजे गावाने हात जोडले तेव्हा ढिम्म हलले नाहीत. एक वेडी म्हातारी जीव द्यायला निघाली तेव्हा नियम हलला. धन्य तुमची भागीदारी.

१५ एप्रिल

काम सुरू झालंय. आमच्या गावचा रोस्तिक सुरुंग काढणाऱ्या तुकडीचा प्रमुख. त्या बाहेरच्यांनी दिलेलं यंत्र खंदकात अडकलं, आता हाताने चाललंय, गुडघ्यांवर बसून. म्हणाला, "लारिसाकाकू, तुमच्या फोटोंवरूनच चाललोय हं." मी म्हटलं, "शेण आणि सुरुंग यांतला फरक मला कळतो, एवढंच." पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२२ एप्रिल

रोस्तिक घरी आला होता. चहा घेतला नाही. त्या पाऊलवाटेला लागून सुरुंगच सुरुंग निघाले. एक तर वीतभर अंतरावर, गवतात तार ताणलेली. "जे कोणी चालत होतं त्याला देवानेच धरून नेलं," म्हणाला.

सासूबाई रडायला लागल्या त्या थांबेनात. उल्यानाचा हात धरला तो सोडेचनात. मी म्हटलं, "आता रडून काय? तेव्हा अक्कल कुठे गेली होती?" त्यांनी तो हात आणखी घट्ट धरला. नेहमी उलटून बोलणारी बाई.

२६ एप्रिल

अंडी रंगवून झाली. पास्का एका बाजूने करपला. बुटांचं कुलूप काढलं.

२७ एप्रिल, रविवार. प्रोवोदी.

जाऊन आलो. कालव्याच्या बाजूने, खुणेच्या फितींमधली एका माणसापुरती साफ केलेली वाट. सासूबाई आत शिरल्या आणि थांबल्या. इकडे बघतात, तिकडे बघतात. "अगं लारिसा, इथलं तर काहीच ओळखू येत नाही. माझा पेत्रो कुठल्या बाजूला?"

उल्यानाने त्यांचा हात धरला. "इकडून, आजी. पुढे खड्डा आहे, जपून." आणि फितीकडे न बघता, कोणाला न विचारता, खंदकाला वळसा घालून, मोडक्या क्रूसांमधून ती थेट बापापाशी गेली. स्टूल पुसलं. आजीला बसवलं.

सुरुंग पेरल्यापासून सासूबाई तिथे एकदाही गेल्या नव्हत्या.

"चला काकू, आता काही भीती नाही," रोस्तिक मागून म्हणाला. मला पाऊल उचलेना.