सगळं आत धरून

गुरु. २५ ऑक्टोबर १९७९

उद्या पहाटे निघायचं. अजून भांडण मिटलेलं नाही, म्हणजे माझं माझ्याशीच. ह्यांचं म्हणणं, आप्पाची ट्रिप म्हणजे एकदा पैसे भरले की खिशात हात घालायला नको. गाडी, राहणं, चहा, नाष्टा, दोन वेळचं जेवण, सगळं आत धरून. माझं म्हणणं, छबी चार वर्षांची, जेवायला बसली की तोंडाला कुलूप. बाळ्या दीड वर्षाचा, त्याला मऊ भाताशिवाय काही चालत नाही. ह्या दोघांना घेऊन जायचं तर पैसे भरायचे कशाचे? त्यापेक्षा नेहमीसारखा स्टोव्ह घेऊन धर्मशाळेत उतरू. तर हे म्हणाले, "म्हणजे तू तिथंही स्टोव्हपुढंच बसणार. मग घरीच बस की." पैसे तर भरून झालेत.

आप्पा दारात येऊन बजावून गेला. "वहिनी, डबं-पुरचुंड्या काय बी घिऊ नगासा. गाडीत सांडतंय, मुंग्या लागत्यात. समदं हाय आमच्याकडं."

हे नको नको म्हणत असताना आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाकऱ्या थापल्याच. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गगनबावड्याला घाट उतरायच्या आदी दोनी पोरांवरनं तुकडा ओवाळ आन् दरीत टाकून दे. तेवढं इसरू नगंस."

शुक्र. २६ ऑक्टो., कुणकेश्वर

पोचलो एकदाचे. खोली बरी आहे. हात दुखत नाहीत, ही नवलाई.

भाकऱ्यांची पुरचुंडी घरीच राहिली. ह्यांनी पिशवीतनं काढून फळीवर ठेवली होती, आप्पा काहीतरी बोलेल म्हणून. मला कळलं ते फुलेवाडी मागं पडल्यावर.

गगनबावड्याला चहाला थांबलो. धुकं एवढं की गाडीचं तोंड दिसत होतं, शेपूट नाही. मी दोन्ही पोरांना घेऊन कठड्याशी उभी, हातात ग्लुकोजचं बिस्किट. ओवाळायला बिस्किट चालतं का, कुणाला विचारायचं? तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन उभी. वयस्क, नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. म्हणाली, "भाकर न्हाय आनलीस व्हय? थांब." तिनं आपल्या गाठोड्यातनं भाकरी काढली, तुकडा मोडला, छबीवरनं ओवाळला. दुसरा मोडला, बाळ्यावरनं ओवाळला. मला बरं वाटलं. मग दोन्ही तुकडे तिनं पदरात घेतले आणि गाठ मारली. मी म्हटलं, टाकायचे ना? "टाकतो की. घाई काय हाय."

गाडी सुटल्यावर बघते तर ती मागच्या बाकावर. बाळ्या तिच्या मांडीवर झोपलेला. छबी, जी परक्याजवळ जात नाही, ती तिच्या दंडाला डोकं टेकून. म्हटलं, आप्पानं मुलं सांभाळायला बाई पण ठेवलीय. हे डोळा मारून म्हणाले, "आत धरून."

शनि. २७ ऑक्टो.

आज समुद्रावर पाय पसरून बसले. लग्नानंतर पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे. काय करायचं त्यांचं, कळेना. वाळू उकरत बसले.

जेवण साधंच. आप्पा लिंगायत, त्यामुळे कोकणात येऊन पिठलं-भात. हे मासळीच्या वासानं वेडे झालेत, मला हसू येतं.

छबी अख्खी भाकरी जेवली म्हणे. मी बघितलं नाही, समोरच्या शोभावहिनींनी सांगितलं. त्यांचं जुळं पण जेवलं. "आप्पानं बाई झ्याक दिलीया," म्हणाल्या.

तिन्हीसांजेला मुलं बघायला गेले. गाडीतली सगळी पोरं वाळूत ओळीनं बसलेली. समुद्राकडं पाठ. कुणी खेळत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. ती बाई एकेकापुढं बसून घास भरवत होती आणि पुढची पोरं आधीच तोंड उघडून वाट बघत होती. मी छबीला हाक मारली. तिनं बघितलं, ओळखीचं हसली, आणि परत तोंड उघडलं.

मला जरा कसंतरी झालं. मग वाटलं, आपलं नशीबच फुटकं, सुख मिळालं तरी टोचतं.

सोम. २९ ऑक्टो.

काल दिवेलागणीला घरी. येताना घाट चढून परत गगनबावड्याला चहा. मी गाडीतच पेंगत होते. नंतर बघते तर मागचा बाक रिकामा, बाळ्या ह्यांच्या मांडीवर. बाई तिथलीच असेल, उतरली असेल. निरोपाचं बोलणं राहिलं. नावही विचारलं नाही, सगळे 'मावशी' म्हणत होते.

दारात आत्याबाईंनी पाणी-तुकडा ओवाळून मगच आत घेतलं. "घाटात टाकलास न्हवं?" मी म्हटलं, ओवाळला की.

गुरु. १ नोव्हेंबर

छबी घरी जेवत नाही. पूर्वीही नाटकं करायची, पण ती नाटकं होती. आता ताटापुढं शहाण्यासारखी बसते आणि म्हणते, "माझं झालंय."

संध्याकाळी मागच्या पायरीवर जाऊन बसते. परसाकडं तोंड. तोंड उघडते, मिटते, चावते, गिळते. बराच वेळ. मग हनुवटी वर करते, कुणीतरी तोंड पुसत असल्यासारखी. हे म्हणाले, भातुकली खेळत असेल. भातुकलीत पोरं बडबडतात. ही गप्प असते.

गल्लीतल्या बायका विचारत होत्या, लहान पोरं घेऊन आप्पाची ट्रिप परवडते का? मी म्हटलं, डोळे झाकून जा. बाईच्या जातीला तेवढाच विसावा.

रवि. ४ नोव्हें.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

ट्रिपमधल्या आम्ही बायकांनी मिळून मावशींना एक लुगडं घेतलं. निळं, इरकली. मी आणि शोभावहिनी ते घेऊन आप्पाकडं गेलो. त्या बाईंना पोचवा म्हटलं.

आप्पा म्हणाला, "कुठल्या बाई?"

आम्ही सांगितलं. तो हसला. "त्या व्हय? त्या तुमच्यापैकीच कुनाच्यातरी आत्या न्हवं का? घाटात चढल्या, पोरं अंगावर खेळाय लागली, मी म्हटलं घरातलंच मानूस असंल. पान मांडत गेलो. एका म्हाताऱ्या मानसाचं काय इचारायचं."

शोभावहिनी म्हणाल्या, "आमी म्हटलं तुमी ठेवलीया."

आप्पानं आचाऱ्याला हाक मारली. आचारी म्हणाला, पान रोज मांडलं, रोज तसंच भरलेलं उचललं. मग पोरांना काय भरवत होती ती?

आप्पानं आम्हाला चहा पाजला. लुगडं मी परत घेऊन आले. कपाटात ठेवलंय, पण घडी बघवत नाही.

बुध. ७ नोव्हें.

आत्याबाईंना सगळं सांगितलं. भाकऱ्या फळीवर राहिल्यापासून. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"टाकला न्हाय तिनं?"

"नाही. पदराला गाठ मारली."

"पोरावरनं उतरलेला तुकडा कोन पदरात बांधतंय गं? तो टाकायचाच असतोय." मग बराच वेळ वाती वळत बसल्या. "आता पोरगी तिच्याच हातचं खानार की."

मला रडू फुटलं. हे म्हणाले, तुम्ही दोघी मिळून पोरीला वेडं करणार. पण संध्याकाळी ते स्वतः मागच्या दारात उभे राहिले. छबी पायरीवर चावत होती. हे तिच्यासमोर जाऊन बसले, तर छबी म्हणाली, "बाबा, सरका. मावशीच्या पायावर बसलाय."

हे घरात आले आणि पाणी प्यायले.

शनि. १० नोव्हें.

डॉक्टरांकडं नेली. मला वाटलं होतं पोर वाळली असेल, आईची माया आंधळी, आपल्याला दिसत नाही. काट्यावर उभी केली. वजन वाढलंय. डॉक्टर गाल ओढून म्हणाले, "उगंच काळजी करताय. उलट जरा कमी भरवा."

मी तिला ट्रिपवरनं आल्यापासून एक घास भरवलेला नाही.

हे डॉक्टरांना कसं सांगणार? रस्त्यानं तिला कडेवर घेतली तर खरंच जड लागली. माझीच पोर, आणि दुसऱ्याच्या घरची सांभाळायला घेतल्यासारखी वाटली.

सोम. १२ नोव्हें.

आप्पा आला होता. पुढची ट्रिप तेवीस तारखेला, गाडी जवळजवळ भरली. खूश होता. "समदी लहान पोरांचीच घरं हायत, वहिनी. तुमीच सांगितलासा म्हनं. येईल तो इचारतोय, ती पोरं सांभाळनारी बाई आत धरून हाय का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"हाय म्हटलं. येतीलच की घाटात."

मी त्याला म्हटलं, आप्पा, गाडी त्या रस्त्यानं नेऊ नका. आंबोलीनं न्या. तो म्हणाला, लांब पडतंय, परवडत न्हाय. शोभावहिनी जुळ्यांना घेऊन परत निघाल्यात. त्यांना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "माझी पोरं तर झ्याक जेवत्यात. तुमच्याच छबीला कायतरी बाधलंय." जुळं ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसलं होतं.

रवि. १८ नोव्हें.

आत्याबाईंनी सांगितलं तसं केलं. रंकाळा स्टँडवरनं सकाळची एस.टी., गगनबावडा. मी, हे आणि छबी. बाळ्या आत्याबाईंजवळ ठेवला. त्याचा काही त्रास नाही, ट्रिपवरनं आल्यापासून निजूनच असतो.

बरोबर घरच्या भाकऱ्या आणि ते लुगडं.

आज ऊन होतं, पण दरीत धुकं भरलेलं. चहावाल्याला त्या बाईबद्दल विचारलं. "हितं लई बायका येत्यात-जात्यात, पावणं. कुनाकुनाचं सांगू?" मग लुगड्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ठेवायचं तर कठड्यापल्याड ठेवा. हितं नगं."

ह्यांनी लुगडं कठड्यापलीकडच्या दगडावर ठेवलं. मी छबीवरनं तुकडा ओवाळला, लांब टाकला. काही झालं नाही. मी मनात नव्हे, मोठ्यानं म्हटलं, "माझी पोर मला द्या. तुमचे उपकार आहेत. पण माझी मला द्या." लोक बघत होते. बघू देत.

छबी माझा हात सोडून कठड्याशी गेली. धुक्याकडं तोंड करून उभी राहिली, मान हलवली, हो हो करावं तशी. परत आली ती मूठ मिटून. उघडली तर भाकरीचा वाळका तुकडा, दगडासारखा. मी तो घेतला आणि अंगात होतं तेवढं बळ लावून दरीत फेकला.

दगडावर लुगडं नव्हतं. ह्यांचं म्हणणं, वाऱ्यानं गेलं. वारा नव्हता.

एस.टी.त बसलो आणि छबी म्हणाली, "आई, भूक लागली." मी तिला भाकरी भरवली. तिखट लागलं म्हणून रडली, पाणी सांडलं, खिडकी पाहिजे म्हणून भांडली, कळे गाव येईपर्यंत कुरकुर. मी डोळे पुसत हसत होते. बाजूच्या बाईला वाटलं असेल, काय येडी आहे.

सोम. १९ नोव्हें.

सकाळी छबीनं ताट ढकललं. भाजी नको, गूळ पाहिजे. मी ओरडले, ती ओरडली. काय बरं वाटलं.

दुपारी निवांत बसले तेव्हा आठवलं. काल तिच्या मुठीत तुकडा एकच होता. बाईनं ओवाळले होते दोन.

आत्याबाईंना विचारलं, बाळ्या काल काय जेवला? त्या म्हणाल्या, "भात कालवून ठेवलावता. तोंडात घेईना. म्हटलं झोपंत हाय." आणि परवा? आठवून बघतोय म्हणाल्या. मीही आठवतेय. सगळं घर छबीच्या मागं होतं. त्याला शेवटचा घास कुणी भरवला, कुणालाच सांगता येईना. उचलला तर केवढा जड झालाय.

दिवा लावायला उठले. बाळ्या मागच्या पायरीवर बसलेला. ती पायरी त्याची त्याला उतरता येत नाही. परसाकडं तोंड. तोंड उघडलं, मिटलं, चावायला लागला.

छबी माझ्यामागं येऊन उभी राहिली. तिला मी काही विचारलं नव्हतं. म्हणाली, "त्याचा तुकडा मावशीकडंच हाय. आपण गाडीतनं आलो की देणार हाय."

कुठल्या गाडीतनं, हे विचारायची गरज नव्हती. आप्पाची गाडी शुक्रवारी सुटते. दोन मोठी माणसं, दोन लहान, जागा उरलीय का बघायला हे गेलेत. अजून आले नाहीत. मी बाळ्याला मांडीवर घेऊन बसलेय, भाताची वाटी पुढ्यात. तो माझ्या खांद्यावरनं मागं बघतोय आणि तोंड उघडतोय.