पाठ केलेली नावं

सान रोके,
महापुरानंतरचं वर्ष चौदावं, ६ मार्च

ती. तिया मिलिंग यांस,
रोसेन्दाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मासेवाली नेनिता टोपलीच्या तळाशी घालून आणेल. वाचून झालं की चुलीत घाला.

आपली हिमाया सापडली. निवळण खात्याचा कागद आला. तिला नेऊन दोन वर्षं झाली, म्हणून बहिणीला पत्र लिहायची परवानगी मिळाली. अट एकच, की तिला आधीचं काही सांगायचं नाही. तिचं नाव आता नोरा. समोरच्या बेटावर, निवळगृहातच कामाला आहे. तिथं नेलेल्या पोरांना आठवण पुसायचं औषध देतात तेव्हा ती उशाशी बसते आणि पोरं शुद्धीवर आली की त्यांचे केस विंचरते. स्वतःचं घर विसरायला लावलेल्या मुलीला त्यांनी हेच काम द्यावं, याला काय म्हणायचं?

तुम्ही तेव्हा मुलाकडे गेला होतात, म्हणून एकदा सगळं लिहिते. तक्रारखोर गावांची पोरं नेऊन, निवळून, नवी नावं देऊन खातं त्यांना लांबच्या मळ्यांवर पाठवायला लागलं. कोणाचं पोर कुठं गेलं ते कोणाला कळेना. हिमाया तेव्हा सतरा वर्षांची, धक्क्यावर इबोस, पानात गुंडाळलेला चिकट भात, विकायची. बेटावरून परतणाऱ्या होड्यांत तिला शाळेतल्या ओळखीच्या पोरी दिसत. छातीवर बिल्ला, त्यावर नवं नाव आणि मळ्याचा नंबर. कोण काय झाली आणि कुठं गेली, हे ती पाठ करत सुटली. कागदावर एक अक्षर नाही. चव्वेचाळीस पोरं झाली. एका आईला सांगितलं तर ती उद्याच मळ्यावर धावेल आणि बाकीच्यांची वाट बंद होईल, म्हणून तिला सगळ्यांना एकाच दिवशी सांगायचं होतं. मला म्हणाली, मानांग, तूही पाठ कर, एवढं एकटीच्या डोक्यात ठेवणं बरं नव्हे. मी मागावरून उठलेसुद्धा नाही. उलट तिला गप्प बस म्हटलं.

आठवड्यात तिला नेलं, आणि चव्वेचाळीस पोरं दुसऱ्यांदा हरवली. त्यांच्या आया मला अजून काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुडघ्याला तेल लावत जा. डोक्यावरचा हात काढू नका.
तुमची रोसेन्दा


१४ मार्च

चि. नोरा हिस,
अ. उ. आ.

खात्यानं कळवलं असेलच, मी तुझी थोरली बहीण. उंची बेताची, आवाज मोठा, धंदा विणकामाचा. आमच्याकडे थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात. हा हुकूम नव्हे, रीत आहे. जमेल तेव्हा म्हण.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या डुकरिणीनं माझी सुताची दोन बंडलं चघळली. शेजारीण म्हणते, रंग चांगला असेल म्हणूनच खाल्ली. आता यावर भांडणार तरी कसं?

सोबत एक लाल पातादयोंग, म्हणजे आमच्याकडचा घागरा, पाठवते आहे, कमरेला जरा सैल होईल. जेवतेस ना नीट? तुला काय आवडतं ते तूच कळव. मी लिहिलं तर आधीचं सांगितल्यासारखं होईल.

उत्तराला घाई नाही, पण वाट बघते आहे.
रोसेन्दा


२७ मार्च

आदरणीय मानांग रोसेन्दा यांस,
नोराचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माझ्याआधी तपासनिसांनी वाचलेलं होतं, त्यांच्या कॉफीचा डाग आहे. डुकरिणीच्या मजकुराशी डाग मोठा आहे, म्हणजे तेही हसले असावेत.

पातादयोंग मुळीच सैल नाही. उलट घट्ट होतो. मला कच्चा आंबा आणि मीठ आवडतं, हे गेल्या उन्हाळ्यात कळलं. असं माझं मलाच एकेक कळत असतं. पाण्याची भीती वाटत नाही. गाता येतं, पण सूर लागत नाही.

आमच्या खोलीत निल्डा, नोर्मा आणि मी. एकीला हाक मारली की तिघी उठतो. हे नाव अजून अंगाला बसलेलं नाही.

मुलं शुद्धीवर आली की आधी स्वतःचे हात बघतात, आपलेच आहेत का म्हणून. मी सांगते, तुझेच आहेत. मग ती रडायची थांबतात. मला हे कोणी शिकवलं नाही.

एक विचारायचं होतं. मी पूर्वी बरी मुलगी होते का? उत्तर देऊ नका, तुम्हाला त्रास व्हायचा.

लोभ ठेवा असं लिहायची पद्धत आहे म्हणे. ठेवा.
नोरा


५ एप्रिल

चि. नोरा हिस,
अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही, परवानगीच नाही. नावाचं मात्र सांगते, कारण ते तुझं नाही, गावाचं आहे. फार पूर्वी परक्या राजाच्या माणसानं एका पुस्तकातून लोकांना आडनावं वाटली. आपल्या गावाच्या वाट्याला फ चं पान आलं. फामातिद, फाबिला, सगळे फ. आज एखाद्या फाबिलाला सांगून बघ, की हे तुझं नाव खरं नव्हे. दात हातात घेऊन परत येशील. नाव देणारा देऊन जातो, पुढं ते वापरून आपलं करावं लागतं.

मे महिन्यात रविवारी भेटीला सोडणार आहेत. चारही रविवार मी येते.

तुझ्याच विचारात असलेली
रोसेन्दा


१९ एप्रिल

मानांग,

हे पत्र होडीवरच्या स्वयंपाकिणीबरोबर पाठवते आहे, म्हणून मायना नाही. वाचलंस की जाळ.

औषध दिल्यावर डोळे मिटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात प्रत्येक मूल मला आपलं नाव सांगतं. गावाचं, आईचंही सांगतं. कोणी विचारत नाही, तरी सांगतात. जागी झाली की त्यातलं काही त्यांच्याकडे नसतं. मग त्यांना बिल्ला मिळतो, त्यावर नवं नाव आणि मळा. दोन्ही वेळा तिथं असणारी एकटी मीच. जानेवारीत एक मुलगी माझा अंगठा धरून म्हणाली, विसरू नकोस हं. आता आपणही विसरलो तर ही कुठंच उरणार नाही, असं वाटलं. त्या दिवसापासून पाठ करते आहे. एकसष्ट झाली.

लिहून ठेवता येत नाही, झडती होते. आणि एवढं एकटीच्या डोक्यात ठेवणं बरं नव्हे. तुला भीती वाटत असेल तर येऊ नकोस, मी रागावणार नाही. मलाही वाटते.

नोरा


१ जून

ती. तिया मिलिंग यांस,
रोसेन्दाचा सा. न. वि. वि.

नेनिता थांबली आहे, भरभर लिहिते.

तिचं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा मी हातातला धोटा खाली ठेवला. तिया, तिला काही म्हणजे काही आठवत नाही. तिनं हेच एकदा केलं होतं आणि त्यापायीच तिला तिथं नेलं, हेही तिला ठाऊक नाही. शब्द मात्र तेच, एकटीच्या डोक्यात ठेवणं बरं नव्हे. त्यांनी सगळं धुऊन काढलं आणि खाली तीच मुलगी निघाली. माझ्या पाठची आहे, पण मला तिचे पाय धरावेसे वाटले.

भेटीला आम्हाला बाकावर बसवलं, समोर पहारेकरीण. नोरानं पदकाची माळ काढली आणि मळ्यांसाठी प्रार्थना करू या म्हणाली. खात्याला ही प्रार्थना फार आवडते. मग तिनं सुरू केलं : सान रोकेच्या संत पियादे, नेलीवर आणि सातव्या मळ्यावर कृपा कर. पियाद म्हणजे आपल्या कुंभारणीची मुलगी आणि नेली हे तिचंच नवं नाव, हे माझ्या लक्षात आलं. पहारेकरीण प्रत्येक नावाला आमेन म्हणत होती. रविवारी वीस-वीस, तीन रविवार, आणि उरलेलं एक नाव चौथ्या रविवारी. बाकीचा वेळ तिनं माझ्याकडून सगळी पुन्हा म्हणून घेतली. एकाही ठिकाणी चुकले नाही. माझ्यासारखी भित्री बाई एकसष्ट नावं घेऊन पहाऱ्यातून चालत बाहेर आली.

निघताना तिनं विचारलं, की मानांग, मी आधीपासूनच अशी वेडी होते का? पहारेकरीण ऐकत होती. मी म्हटलं, सांगायची परवानगी नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खूप हसली. इतकी, की पहारेकरणीनं दम भरला. तरी ती हसतच आत गेली.

आता तुमचं काम. नावं सहा गावांतली आहेत. सगळ्या आयांना एकाच सकाळी कळायला हवं. गुरुवारी या, येताना विश्वासाच्या चार बायका आणा. प्रत्येकीनं आपल्यापुरती नव्हे, सगळी एकसष्ट पाठ करायची. मला नेलं तर पाच उराल, तुम्हालाही नेलं तर चार. नोराकडे तोवर नवी जमतील.

गुडघा दुखत असेल तर नेनिताच्या होडीतून या, पण या.

तुमच्या आशीर्वादाची आता खरोखर गरज असलेली,
रोसेन्दा