सर, तुमचा दगड आमच्या घरी आहे

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. हसनाबादच्या ज्या वर्गात तुम्ही आम्हाला मराठी शिकवलं, तिथंच आता मी शिकवते. घरातली पहिली पदवीधर झाले ती तुमच्यामुळे, हे मी नाकारत नाही. दहावीनंतर तुम्ही दिलेला शब्दकोश अजून उशाशी असतो. पण तो दगडही आठवतो. वर्गात जी घरच्या बोलीत बोलेल तिच्या हातात नदीतला गुळगुळीत दगड, आणि दुसरी कुणी चुकेपर्यंत तो धरून बसायचं. आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या तोंडावर पाळत ठेवायचो.

परवा मी कॅनडातल्या शुस्वाप लोकांबद्दल वाचलं. डोंगरात राहणारे, नदीत मासे धरणारे. सरकारनं त्यांची मुलं घरातून उचलून इंग्रजी वसतिशाळांत ठेवली. आपल्या भाषेत बोललं की शिक्षा. आता ती भाषा लहानपणापासून बोलणारे थोडेच म्हातारे उरलेत, आणि ते बालवाडीत बसून पोरांना एकेक शब्द परत देतायत. मी हे वर्गात सांगितलं, तुमच्या दगडासकट. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मंग मॅडम, तिथं तर मास्तरच परक्या भाषेत बोलायचा. त्याला कुणी दगड दिला न्हाई का?" वर्ग हसला. मीही हसले.

ते मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. "शाळेची तपासणी आलीय, मुली शुद्ध बोलल्या पाहिजेत. सरांचा दगड पुन्हा सुरू करा," ते म्हणाले. "तुम्ही त्याच्यानंच घडलात."

"नाही करणार."

"नेमणूक वर्षावर्षाची आहे तुमची. विचार करा."

"केलाय. बराबर केलाय."

पुस्तकातली मराठी मी शिकवीन, सर, तुमच्याइतकीच कडक. पण त्यासाठी कुणाला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटायला लावणार नाही. नोकरी गेली तरी.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही. एकदा तुम्ही ऑफिसात असताना आई डबा घेऊन आल्ती. दारातूनच म्हणाली, "जल्दी खाऊन घे, भाकर गार होऊन राह्यली." पोरी खिदळल्या. दगड माझ्या हातात होता. मी उठले आणि नियमाप्रमाणे तो तिच्या हातात ठेवला. तिला वाटलं, पोरीला बक्षीस मिळालं. पदरात गुंडाळून तिनं तो घरी नेला. तुम्ही आठवडाभर शोधलात, मग दुसरा आणलात.

तो पहिला दगड अजून देवापाशी आहे. ती रोज त्याला कुंकू लावते. मुख्याध्यापकांना मी तोंडावर नाही म्हणाले. आईला खरं सांगायचं मात्र अजून जमलेलं नाही.